आकड्याशेजारी मापाचेही नाव हवे

प्रति,
मा. राज्य आयुक्त (दिव्यांग व्यक्ती),
महाराष्ट्र राज्य

विषय : दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या मानसशास्त्रीय चाचण्यांची निवड

महोदय,


किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर ठरावीक काळाने वैधमापन खात्याचा शिक्का मारून घ्यावा लागतो. नसेल तर दुकानदाराला दंड होतो. आपल्या राज्यात मुलांची बुद्धी, त्यांचे वाचन-लेखन, त्यांचे रोजचे वागणे ज्या मापांनी मोजले जाते, त्यांच्या शिक्क्याची चौकशी मात्र कोणी करत नाही. सिव्हिल रुग्णालयातल्या वैद्यकीय बोर्डापुढे कागद येतो. त्यावर 'आयक्यू ७२' असे लिहिलेले असते आणि त्यावरून मूल दिव्यांग ठरते किंवा ठरत नाही. हा ७२ कोणत्या चाचणीतून आला, मुलाला कोणत्या भाषेत प्रश्न विचारले, त्याची तुलना कोणत्या साली तपासलेल्या मुलांशी केली, हे लिहायला त्या कागदावर बहुतेक वेळा जागाच नसते.

मी जिल्ह्याच्या गावात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. पालक 'टेस्टिंग करायचंय' म्हणून येतात, शाळा चिठ्ठी देऊन पाठवते, कधी बोर्डच पाठवते. एखाद्या रुग्णालयाची किंवा अधिकाऱ्याची तक्रार करायला हे पत्र लिहिलेले नाही. मार्गदर्शक सूचना केंद्राच्या आहेत आणि प्रमाणपत्र आरोग्य विभाग देतो, याची मला कल्पना आहे. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८० ने कायद्याशी विसंगत धोरणे हेरून सुधारणा सुचवण्याचे काम आपल्याकडे दिले आहे. म्हणून हे पत्र आपल्याला, आणि उघड.

म्हणणे थोडक्यात असे, की चाचणी निवडणे हा निदानाचाच भाग आहे आणि आपल्याकडे हा भाग जवळपास वगळला जातो. कपाटात जी पेटी असते ती निघते. ती नेमकी कोणासाठी, कधी आणि कोणत्या प्रश्नासाठी बनवली होती, हे पाहिले जात नाही.

पहिली बुद्धिमापन चाचणी एका सरकारी समितीच्या गरजेतून जन्मली, हे आपल्याला सांगण्याजोगे आहे. फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी १९०४ साली समिती नेमली. नेहमीच्या वर्गात टिकत नाहीत अशी पॅरिसच्या शाळांतली मुले कशी ओळखायची आणि त्यांना वेगळे शिक्षण कसे द्यायचे, एवढाच तिच्यापुढचा प्रश्न होता. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली तीस प्रश्नांची मापनी दिली ती या प्रश्नाला उत्तर म्हणून. मुलाची बुद्धी जन्मभराची ठरवून टाकणारा आकडा बिनेंना नको होता. तशी समजूत करून घेणाऱ्यांवर त्यांनी पुढे टीकाही केली. आधी प्रश्न होता, मग चाचणी आली. आपण क्रम उलटा केला आहे. चाचणी हाताशी असते आणि प्रश्न तिच्या मापाने कापून घेतला जातो.

बिनेंची चाचणी आपल्यापर्यंत आली तिची वाट मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे. अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ साली तिची स्टॅनफर्ड आवृत्ती केली. त्या धर्तीवर व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्याच्या धारवाड भागात कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर काम केले. १९३४ साली त्यांचा शोधनिबंध आला आणि १९४० साली पुस्तक. मराठी मुलांना मराठीत प्रश्न विचारून, मराठी मुलांचीच उत्तरे गोळा करून मानके ठरवण्याचे हे काम त्या काळात किती कष्टाचे असेल! आजही जिल्ह्याजिल्ह्यात 'बिने-कामत' किंवा नुसते 'बीकेटी' म्हणून जी चाचणी दिली जाते ती हीच. तिच्यामागे ज्यांची मानके आहेत ती मुले मात्र रुपयाचे सोळा आणे होते त्या काळातली. त्यांच्यातली जी हयात असतील ती आज पणजोबा-पणजी झालेली असतील.

बिने-कामत वाईट आहे असे मी म्हणत नाही. ती स्वस्त आहे, पिशवीत मावते, मराठीत आहे, आणि मुलाशी बसून बोलायला तिच्याइतकी चांगली चाचणी क्वचित मिळेल. अनुभवी माणसाच्या हातात ती मुलाबद्दल खूप काही सांगते. पण तिचा बुद्ध्यांक जुन्या पद्धतीने निघतो : मानसिक वय भागिले खरे वय, गुणिले शंभर. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांनी १९३९ नंतर रूढ केलेली पद्धत वेगळी आहे. तिथे मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांच्या सरासरीशी आणि त्या सरासरीभोवतीच्या विखुरणाशी होते. दोन्हींतून आकडा निघतो, दोन्हींना आयक्यूच म्हणतात, पण एका पद्धतीचा ७० आणि दुसऱ्या पद्धतीचा ७० यांचा अर्थ एक नाही. शिवाय बिने-कामतमध्ये दहाव्या वर्षानंतर थेट बाराव्या, मग चौदाव्या आणि सोळाव्या वर्षाचे प्रश्न येतात. मधल्या वयाच्या मुलाचे मोजमाप तिथे विरळ होते. बोर्डाच्या कागदावर मात्र हे सारे आकडे एकाच रकान्यात, एकाच वजनाने बसतात.

दुसरी वाट नागपूरहून येते. डॉ. आर्थर जे. मालिन यांनी वेक्सलर यांच्या १९४९ सालच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूप नागपुरात घडवले. १९६९ साली ते आले आणि 'मिसिक' या नावाने देशभर पसरले. एडगर डॉल यांच्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनीचे भारतीय रूपही मालिन यांचेच. आज देशात कोठेही बौद्धिक दिव्यांगत्वाची तपासणी होवो, नागपूरच्या या कामाची सावली तिच्यावर असतेच. इतके मोठे काम आपल्या राज्यात झाले, पण त्याची दर पिढीला पुन्हा तपासणी करण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. अमेरिकेत मूळ चाचणी १९७४, १९९१, २००३ आणि २०१४ अशी चार वेळा नवी झाली. जुनी आवृत्ती तिथे वापरातून काढली जाते. आपल्याकडे १९४९ च्या चाचणीचे १९६९ चे रूप अजून कामावर आहे.

मानके जुनी झाली म्हणून काय बिघडते, असे आपल्याला वाटू शकेल. जेम्स फ्लिन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले, की पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे चाचण्यांतले गुण वाढत जातात. अमेरिकेत साधारण दहा वर्षांना तीन गुणांच्या वेगाने. याचा अर्थ, पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलांशी आजच्या मुलाची तुलना केली तर आजच्या मुलाचा आकडा फुगतो. भारतात हा वेग नेमका तेवढाच असेल असे मी म्हणणार नाही. पण शाळा पसरल्या, आहार सुधारला, चित्रे आणि पडदे घरोघर आले. आकडा फुगण्याची दिशा आपल्याकडे उलटी असण्याचे काही कारण दिसत नाही. ज्या मुलाला आजच्या मानकांवर ६६ मिळाले असते, त्याला जुन्या मानकांवर ७६ मिळू शकतात. आई-वडील कागद घेऊन घरी जातात. मुलगा तसाच असतो, फक्त कायद्याच्या दृष्टीने तो दिव्यांग नसतो.

या दहा गुणांचे वजन किती, हे केंद्राच्या ४ जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांवरून कळते. त्यांत बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी व्हाइनलँड मापनीच्या गुणांवर बसवली होती. ५५ ते ६९ गुण म्हणजे ५० टक्के, ७० ते ८४ म्हणजे २५ टक्के. बहुतेक सवलती आणि योजना ४० टक्क्यांपासून सुरू होतात. म्हणजे ६९ आणि ७० यांच्यामधल्या एका गुणावर मुलाचा बसचा पास, शिष्यवृत्ती, पुढची नोकरीतली राखीव जागा उभी. हा गुण कशावरून येतो? डॉल यांची मूळ मापनी १९३५ सालची. लोण्यासाठी टेबलावरची सुरी वापरतो का, अधूनमधून छोटी पत्रे लिहितो का, जाहिरात पाहून टपालाने वस्तू मागवतो का, अशी तिच्यातली काही कलमे. आजच्या बारा वर्षांच्या मुलाने कधी पत्र लिहिले नसेल, पण तो आईच्या फोनवरून व्हॉइस मेसेज पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करून दुकानदाराला पैसे देतो. ती क्षमता कोणत्या कलमात बसवायची, हे ज्याने त्याने आपापल्या अकलेने ठरवायचे. मग दोन जिल्ह्यांत एकाच मुलाला दोन आकडे मिळाले तर नवल नाही.

आणखी एक गंमत पाहा, तिला गंमत म्हणवत नसले तरी. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी २०१८ च्या सूचनांनी बुद्ध्यांक ८५ च्या वर मागितला होता. जुन्या मानकांचा फुगवटा इथे मुलाच्या फायद्याचा ठरतो आणि बौद्धिक दिव्यांगत्वाच्या दाराशी तोच त्याच्या मुळावर येतो. ७० ते ८५ च्या मधली मुले तर कोठेच बसत नाहीत. शाळा त्यांना 'ढ' म्हणते, बोर्ड 'बॉर्डरलाइन' म्हणते, आणि दोन्ही ठिकाणांहून ती मोकळ्या हाताने परत येतात. २०२४ मध्ये केंद्राने सूचना सुधारल्या हे खरे, पण कपाटांतल्या पेट्या आणि हातांच्या सवयी राजपत्राने बदलत नाहीत.

एका गुणाच्या भिंतीबद्दल जगाने काय केले, तेही सांगते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अॅटकिन्स खटल्यात बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला मृत्युदंड देता येणार नाही असे ठरवले. फ्लोरिडा राज्याने मग ७० ची पक्की रेघ आखली : ७१ गुण असतील तर पुढचा पुरावा ऐकायचाच नाही. २०१४ साली हॉल खटल्यात न्यायालयाने ती रेघ घटनाबाह्य ठरवली, कारण कोणत्याही चाचणीच्या गुणात चूक अंगभूत असते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम-५ ने २०१३ मध्ये हेच मानले : ७० म्हणजे प्रत्यक्षात ६५ ते ७५ चा पट्टा, आणि तीव्रता ठरवायची ती रोजच्या जगण्यातल्या कौशल्यांवरून, आयक्यूवरून नव्हे. तिथे प्रश्न फाशीचा होता, इथे शाळेचा आणि पेन्शनचा आहे. चाचणीच्या चुकीचे गणित दोन्हीकडे तेच.

आता निवडीकडे येते, कारण सगळा दोष जुन्या मानकांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. मेळघाटातला आश्रमशाळेत शिकणारा नऊ वर्षांचा मुलगा घ्या. घरी कोरकू बोलतो, शाळेत मराठी ऐकतो, गुरुजी म्हणतात समजत नाही. त्याला शब्दांचे अर्थ, म्हणींसारखी वाक्ये, 'यात चूक काय' असले मराठी प्रश्न विचारून ५८ हा आकडा काढला, तर मोजले काय? बरेचसे त्याचे मराठी. नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या मुलीचे किंवा गडचिरोलीच्या गोंडी मुलाचे तेच. अशा वेळी आधी कृतीवर आधारलेली, शब्दांवाचून देता येणारी चाचणी हवी : रेव्हनच्या रंगीत आकृत्या, ठोकळ्यांची रचना, लहान मुलासाठी सेग्विनचा फॉर्म बोर्ड. आणि त्यांचाही आकडा एकटा धरायचा नाही. शब्द नाहीत म्हणून चाचणी संस्कृतीच्या पलीकडे जाते असे नव्हे. कागदावरच्या आकृत्या उजवीकडे आणि खाली वाचायच्या असतात, ही सवयसुद्धा शाळेतच लागते.

मग कोणी म्हणेल, भाटिया वापरा. सी. एम. भाटिया यांची पाच कृती-चाचण्यांची पेटी १९५५ ची, खास भारतीय परिस्थितीसाठी केलेली. त्यांनी साक्षर आणि निरक्षर मुलांची मानके वेगवेगळी दिली, हे त्या काळात मोठे शहाणपण होते. पण ती मानके उत्तर प्रदेशातल्या ११ ते १६ वर्षांच्या मुलग्यांची आहेत. मुली त्यात नव्हत्याच. आज एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीला भाटिया देऊन आयक्यू लिहिला जातो, तेव्हा तिची तुलना सत्तर वर्षांपूर्वीच्या उत्तर प्रदेशी मुलग्यांशी झालेली असते. हे चाचणीच्या पुस्तकात छापलेले आहे. पुस्तक उघडण्याची पद्धत नाही, इतकेच.

ऐकू न येणाऱ्या मुलाला तोंडी चाचणी देणे हा याहून सरळ अन्याय. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवणदोषाच्या क्षेत्रात काम करते. ही जाण तिथून राज्यभर पसरायला हवी होती. तरीही बोलत नाही म्हणून 'मतिमंद' हा शिक्का घेऊन फिरणारी कर्णबधिर मुले आजही अधूनमधून समोर येतात. आधी ऑडिओमेट्री, मग बुद्धिमापन. क्रम इतका साधा आहे. दृष्टी अधू असलेल्या मुलापुढे चित्रांची चाचणी ठेवणे, हात थरथरणाऱ्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला ठोकळे घड्याळ लावून जोडायला सांगणे, हीही त्याच जातीची निवड. तिथे घड्याळ बाजूला ठेवावे लागते, किंवा चाचणीच बदलावी लागते, आणि जे केले ते अहवालात लिहावे लागते.

स्वमग्नतेबाबत वेगळा गोंधळ आहे. 'इसा' ही चाळीस कलमांची भारतीय मापनी बौद्धिक दिव्यांगत्वाच्या राष्ट्रीय संस्थेने घडवली ती मुख्यतः स्वमग्नता किती आहे हे मोजून टक्केवारी देण्यासाठी. तिच्यात ७० हून कमी गुण आले म्हणून स्वमग्नता नाही, असे परस्पर ठरवले जाते. 'आहे का' आणि 'किती आहे' हे दोन प्रश्न आहेत, त्यांना दोन साधने लागतात. बोलणाऱ्या, हुशार, शाळेत मार्क मिळवणाऱ्या मुली इथे हमखास निसटतात.

सर्वांत जास्त नुकसान मात्र अध्ययन अक्षमतेत होते, आणि ते मराठी माध्यमाच्या मुलांचे होते. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती देण्यात महाराष्ट्र देशात आघाडीवर राहिला. नव्वदच्या दशकातच त्याची सुरुवात झाली. पण या सवलतींचा माग काढला तर तो मोठ्या शहरांतल्या इंग्रजी शाळांकडे जातो. पालकांची धावपळ, पैसा आणि माहिती ही कारणे आहेतच. त्यांच्या जोडीला चाचणीची भाषा आहे. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेचा संच सर्वत्र वापरला जातो, आणि तो बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून दिला जातो. मराठी शाळेतल्या चौथीच्या मुलाला इंग्रजी उतारा वाचायला देऊन त्याचा डिस्लेक्सिया मोजणे म्हणजे त्याच्या इंग्रजीच्या तासांची मोजदाद करणे होय. काही ठिकाणी तपासणारी व्यक्ती उभ्या उभ्या मराठी भाषांतर करते. तेव्हा अवघड शब्द सोपा होतो, सोपा अवघड होतो, आणि मागची सगळी मानके निकामी होतात.

मराठी वाचणे हे इंग्रजी वाचण्यासारखे नाही, हे पालकांना कळते, पण चाचणीला कळत नाही. इंग्रजीत एकच ध्वनी दहा प्रकारे लिहिला जातो, म्हणून तिथे अडखळणारे मूल स्पेलिंगमध्ये लगेच दिसते. देवनागरीत लिहिल्याप्रमाणे वाचायचे असते, त्यामुळे मराठी डिस्लेक्सियाचे मूल चुकण्याऐवजी मंद वाचते. अक्षरे येतात, पण ओळ संपेपर्यंत श्वास संपतो. चुका होतात त्या जोडाक्षरांत, रफारात, 'क्ष'-'ज्ञ'मध्ये, वेलांट्या-उकारांत, अनुस्वारात. 'सूर्य'चा 'सुय' होतो, 'प्रश्न'चा 'पश्न'. या चुका मोजायच्या तर मराठी शब्दांची वयानुसार तयार केलेली यादी हवी, वाचनाचा वेग मोजणारा मराठी उतारा हवा, आणि राज्यातल्या मराठी शाळांतली त्या इयत्तेची सर्वसाधारण मुले किती वेगाने वाचतात याची मानके हवीत. ती नसतील तर एक धोका आणखी आहे : ज्या शाळेत वर्षभर शिक्षकच नव्हते तिथली मुले अध्ययन अक्षम ठरू शकतात आणि चांगल्या शाळेतले, आईने रात्र रात्र बसवून पाठ करून घेतलेले, खरोखर डिस्लेक्सिक मूल 'आळशी' ठरू शकते.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा संच तयार केला. त्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे. पहिली-दुसरीसाठी आणि तिसरी ते पाचवीसाठी शिक्षकांनी वापरायच्या चाळणी-प्रश्नावल्या आहेत, पुढे सविस्तर तपासणीचा भाग आहे. म्हणजे काम कोणी केलेच नाही असे नाही. किती सिव्हिलच्या कपाटांत हा संच आहे, एवढी माहिती आपल्या कार्यालयाने मागवली तरी पुष्कळ कळेल.

जाता जाता पेट्यांच्या अवस्थेबद्दल. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून चित्रातला गाळलेला भाग आणि छपाईचा डाग यांतला फरक मिटलेला असतो. ठोकळे गावातल्या सुताराकडून करून घेतलेले, एक हरवलेला. काही चाचण्यांचे प्रश्न यूट्यूबवर उत्तरांसकट उपलब्ध आहेत, आणि हवा तो आकडा येईपर्यंत दोन-तीन ठिकाणी फिरणारे पालक आहेत. त्यांनाही मी फारसा दोष देत नाही. पूर्वीची चाचणी कोणती, कधी झाली, हे न विचारता तीच पुन्हा दिली की सरावाने गुण वाढतात. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणारी 'डीएमआयटी'ही याच बाजारात आहे. तिच्या मागे शास्त्र नाही. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धांत मांडला त्यात बोटांच्या रेषांचा संबंध कोठेही नाही. तिचा गुळगुळीत रंगीत अहवाल घेऊन पालक बोर्डापुढे येतात, कारण आमचे खरे अहवाल अर्ध्या पानाचे असतात. इथे दोष आमच्याही व्यवसायाकडे येतो.

आपल्याकडे माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पहिली फुकटात होणारी आहे. बोर्डापुढे येणाऱ्या प्रत्येक मानसशास्त्रीय अहवालात काही ओळी सक्तीच्या कराव्यात : तपासणीमागचा प्रश्न काय होता, कोणती चाचणी, कोणती आवृत्ती, ती कोणत्या भाषेत दिली आणि मुलाची घरची भाषा कोणती, मानके कोठली आणि कोणत्या काळातली, दुसरी चाचणी का निवडली नाही, गुण आणि त्याभोवतीचा त्रुटीचा पट्टा, याआधी कोणती चाचणी केव्हा झाली. शेवटी भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक. या ओळी भरायच्या म्हटल्या की चाचणी देणाऱ्याला पेटीतले पुस्तक उघडावेच लागेल, आणि निम्म्या चुका तिथेच थांबतील. यासाठी नवा कायदा लागत नाही. आपली शिफारस आणि आरोग्य विभागाचे एक परिपत्रक पुरे.

दुसरी, रेघेच्या आसपासच्या मुलांसाठी. ६५ ते ७५ च्या पट्ट्यात येणाऱ्या मुलाचा निर्णय एका आकड्यावर होऊ नये. दुसऱ्या जातीची चाचणी, शिक्षकाचे लेखी निरीक्षण, आणि मूल स्वतःचे काय काय करू शकते याची आई-वडिलांकडून घेतलेली सविस्तर माहिती, हे सगळे पाहूनच बोर्डाने मत द्यावे. नाकारायचे असेल तर कारण लिहून द्यावे. अपील करायला पालकाच्या हातात काहीतरी असावे.

तिसरी मागणी खर्चाची आहे आणि तिला वेळ लागेल : मराठी मुलांची नवी मानके. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत मानसशास्त्र विभाग आहेत. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून मुलांच्या बुद्धीचा अभ्यास करते आणि तिथे मराठी चाचण्या घडवण्याची परंपरा आहे. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत आहे. या सर्वांना एका टेबलाशी बसवून, कोकण ते गडचिरोली, जिल्हा परिषद शाळा ते आश्रमशाळा, मुलगे आणि मुली, अशी नीट निवडलेली मुले तपासून मानके काढता येतील. हे स्वप्नरंजन नाही. हरियाणातल्या बल्लभगडला संशोधकांनी निरक्षर वृद्धांची स्मृती तपासण्यासाठी परदेशी चाचणीचे हिंदी रूप केले. मूळ चाचणीत 'एक वाक्य लिहा' असे होते. लिहिता न येणाऱ्यापुढे तो प्रश्न निरर्थक, म्हणून त्याजागी घराविषयी काही सांगायला सांगितले. १९९५ साली ते प्रसिद्ध झाले आणि आज देशभर वापरले जाते. अडाणी म्हातारा आणि स्मृतिभ्रंश झालेला म्हातारा यांत फरक करायचा होता, म्हणून त्यांनी साधन त्या माणसांच्या मापाचे केले. कामतांनी १९३४ साली मराठी मुलांसाठी तेच केले होते. मधल्या नव्वद वर्षांत आपण त्यांच्या श्रमांवर जगलो.

हे सगळे व्हायला वेळ लागणार, हे मला ठाऊक आहे. तोवर पालकांनाही एक विनंती या पत्रातूनच करते. मुलाचा अहवाल हातात आला की आकड्यावर बोट ठेवून विचारा : ही चाचणी कोणती, माझ्या मुलाला हीच का, कोणत्या भाषेत घेतली? उत्तर मिळणे हा तुमचा हक्क आहे, आणि नीट काम करणाऱ्या कोणालाही या प्रश्नाचा राग येणार नाही.

आयुक्त महोदय, तिसऱ्या मागणीला अंदाजपत्रक लागेल. पहिलीला लागत नाही. येत्या शैक्षणिक वर्षाची प्रमाणपत्र शिबिरे सुरू होण्याआधी निदान ती मान्य करावी, ही विनंती.

आपली नम्र,
जिल्ह्याच्या गावात काम करणारी एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट